झिजलेली कड

आत्याशी भांडण झालेलं नाही असा एकच माणूस त्या कारखान्यात होता, आणि तो कालच कामाला लागला होता. बाकी सगळ्यांचा तिने कधी ना कधी पाणउतारा केलेलाच. ती मालकाची सख्खी आत्या. लग्नाच्या भानगडीत पडली नाही, भावाच्या घरी राहिली, भाऊ गेल्यावर भाच्याच्या. भाचा चाळिशी उलटलेला, चष्मा लावणारा, पण ती चार माणसांसमोर त्याला खुशाल ‘बाब्या’ म्हणायची आणि तो दातओठ खात ऐकून घ्यायचा. ऐकून घेईल नाही तर करेल काय? कारखान्यात जे जे बनत होतं ते सगळं तिच्याच डोक्यातून उतरलेलं होतं.

बनत होती थर्मामीटरची कव्हरं. दवाखान्यात ताप बघायचं यंत्र असतं, त्याला वायर, वायरच्या टोकाला पेन्सिलीहून बारीक कांडी. ती रोग्याच्या जिभेखाली ठेवायची. एकाच्या तोंडातली कांडी तशीच दुसऱ्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून दरवेळी तिच्यावर नवं प्लॅस्टिकचं कव्हर चढवायचं आणि ताप बघून झाला की ते फेकून द्यायचं. वापर अर्ध्या मिनिटाचा, पण त्या कव्हरावर आत्याने तीन वर्षं घासली होती. जाड केलं तर ताप कमी दाखवतं, पातळ केलं तर दातानं फाटतं. शेवटी तिने जमवलं. कांडीच्या बुडाशी केसाएवढी उंच कड असते, तिच्यावर हे कव्हर टक्कन बसायचं आणि बटण दाबल्याशिवाय सुटायचं नाही. त्या ‘टक्’वर आत्याचा भारी जीव. येईल त्याला ती तो ऐकवायची.

आणि एक दिवस मोठ्या दवाखान्यातून पत्र आलं. एका म्हाताऱ्या रोग्याच्या तोंडात कव्हर निसटून घशाकडे सरकलं. ड्यूटीवरच्या सिस्टरने बोट घालून ते काढलं म्हणून आजोबा वाचले. पण आजोबांच्या मुलांनी दवाखाना डोक्यावर घेतला, सिस्टरवर चौकशी बसली, आणि कव्हर बनवणाऱ्यांनी आपलं म्हणणं कळवावं, असं पत्रात होतं. दोष सिस्टरचा ठरला तर तिची नोकरी जाणार होती.

बाब्याने तिथल्या तिथे उत्तर लिहिलं, की कव्हर नीट बसवलेलं नव्हतं. आत्याला एवढ्यानं समाधान कुठलं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझं कव्हर निसटतं? तीन वर्षं काय मी माशा मारत होते? तिने पिशवीत बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर टाकला, कव्हरांचा एक डबा टाकला आणि तरातरा दवाखाना गाठला. आयुष्यात पहिल्यांदा, बरं का. दवाखान्यासाठी वस्तू बनवायच्या, पण दवाखान्याचं तोंड बघायचं नाही, असा बाईंचा खाक्या होता. मापं घेतली होती ती खोक्यातून काढलेल्या कोऱ्या कांडीवर.

सिस्टर कोठीत सापडली. रोग्याला हात लावायचा नाही, चौकशी होईपर्यंत चादरींच्या घड्या घालायच्या, असा तिला हुकूम होता. पन्नाशीची, खांद्यानं रुंद बाई. आत्यापुढे तीही काही कमी नव्हती.

“तुम्ही का त्या टोपीवाल्या?” ती घडी न थांबवता म्हणाली. “या. माझ्यावर खापर फोडायला आलात ना?”

“फोडायला कशाला हवं? फुटलेलंच आहे,” आत्या म्हणाली. “कव्हर बसवायची अक्कल नको?”

सिस्टर उठली, वॉर्डातून वापरातली कांडी घेऊन आली आणि आत्याच्या हातात आदळली. “घ्या. तुम्हीच बसवा.” आणि पाठ फिरवून पुन्हा चादरींकडे वळली.

आत्याने बसवलं. टक् झालंच नाही, नुसतं सर्रकन गेलं. दोन बोटांत धरून ओढलं तर कव्हर अलगद हातात आलं. दुसरं बसवलं, तिसरं बसवलं. मग तिने व्हर्नियर लावून मोजलं. कड अर्धी झिजून गेली होती.

“हिला कशानं घासता?”

“गॉज आणि स्पिरिट. दरवेळी, दाबून. तुमची आधीची कव्हरं फाटायची, तेव्हापासून आमचा कव्हरावर विश्वास नाही. काय निघालं मोजून?”

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण बाई पडली हट्टी, आणि समोरची एका शब्दानं नमायला तयार नव्हती. आत्याने व्हर्नियर पिशवीत टाकला आणि म्हणाली, “काही नाही. हात हलला असेल तुमचा.”

आणि चालती झाली. बोलून गेली आणि फाटकापाशी तिचं तिलाच कसंतरी झालं. तरी मागे फिरली नाही.

बाब्याला मात्र तिने सगळं सांगितलं. तो पंख्याखाली बसून शांतपणे ऐकत होता.

“नवा आराखडा काढ,” तो म्हणाला. “कडेऐवजी खाली खाचेत बसेल असा. चौकशी आटपली की गुपचूप बदलू. तोवर अवाक्षर काढायचं नाही.”

“आणि ती सिस्टर?”

“ती कोण लागते तुझी?”

कुणी लागत नव्हती. उलट आत्याला ती बाई मनापासून आवडली नव्हती. म्हणून तिने आठ दिवस खाली मान घालून आराखडा काढला, तीनदा खोडला, जो दिसेल त्याच्यावर डाफरली. जेवताना बाब्याच्या बायकोने फक्त “भात वाढू?” विचारलं, तर तिच्यावरही उखडली.

चौकशीच्या दिवशी लांब टेबलामागे तीन डॉक्टर, अलीकडे बाब्या, त्याच्या शेजारी आत्या, आणि भिंतीला खुर्ची लावून सिस्टर. बाब्याने कोऱ्या कांडीवर कव्हर बसवून दाखवलं. टक्! डॉक्टरांनी माना डोलावल्या. एकाने पेन उचललं.

“थांबा,” आत्या उठून म्हणाली. “ती कांडी कपाटातली आहे. वॉर्डातली आणा.”

“आत्या, खाली बस!”

“तू गप रे, बाब्या! मी कोऱ्या कांडीवर माप घेतलं. वापरातली कधी हातातच धरली नाही. कव्हर आपोआप निसटतं, चूक माझी आहे. डबे आजच्या आज उचला.”

डॉक्टरांनी वॉर्डातली कांडी मागवली, दोनदा ओढून बघितली आणि सिस्टरला उद्यापासून कामावर यायला सांगितलं. बाब्याचा चेहरा लालबुंद झाला होता. जाताजाता तो आत्याच्या कानाशी म्हणाला, “घरी यायची गरज नाही.”

“घर माझ्या बापाने बांधलंय,” ती म्हणाली. “तूच बघ कुठे जातोस ते.”

बाहेर व्हरांड्यात सिस्टर उभी होती. आता ही आभार मानणार, आणि आपण ‘असू दे, असू दे’ म्हणून पुढे सटकायचं, एवढं आत्याने ठरवूनही टाकलं होतं.

“तुम्हाला कधी कळलं?” सिस्टरने विचारलं.

थाप मारता आली असती. ओठांवर आलीही होती. “कोठीत आले होते, त्याच दिवशी.”

सिस्टरने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, आत्याला भांडण येत होतं.

“तीस वर्षं नोकरी झाली माझी,” ती हळूच म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही गेलात आणि मला वाटायला लागलं, हललाच असेल माझा हात. आज आत येताना मी चूक कबूल करायचं ठरवून आले होते.”

एवढं बोलून ती वॉर्डाकडे गेली.