संग्रहालयातल्या मारुतीचा शेंदूर

लोणावळ्याच्या जुन्या नाटकगृहात एके काळी दर उन्हाळ्यात उमेदवार घेत असत. पडदे कसे गुंडाळायचे, जुने मुकुट आणि तलवारी कशा सांभाळायच्या, हे त्यांनी शिकायचं. बदल्यात दुपारचं जेवण, दोन वेळचा चहा आणि शेवटी विश्वस्तांच्या सहीचं प्रमाणपत्र. वरच्या मजल्यावर पूर्वी नाटक कंपन्यांचं बिऱ्हाड उतरायचं. कंपन्या बुडाल्या, त्यांचं सामान मागे राहिलं आणि त्या सामानाला विश्वस्तांनी संग्रहालय असं नाव दिलं. ज्या वस्तू कुणी न्यायला आलं नाही त्या अमूल्य ठरल्या.

उमेदवार बहुधा पुण्याच्या कॉलेजातून यायचे. चौसष्ट साली मात्र एकही फिरकला नाही, आणि त्या जागेवर सुदुंबऱ्याचा हौशीराम दाखल झाला. वय चाळिशीला टेकलेलं, दोन मुलींचा बाप, घरची थोडी शेती. आला होता रंगमंचाच्या दुरुस्तीसाठी बांबू पोचवायला. सहज म्हणून वर डोकावला, तो खाली उतरेना. खाली गाडीच्या बैलांनी जुंपल्याजुंपल्या दोन झोपा काढल्या असतील.

घरी सांगितलं तेव्हा त्याची बायको रतनबाई भाकरी थापायची थांबली.

"अवो, ह्या वयात कसली उमेदवारी? लेकीला बघायला पाव्हणं याया लागल्यात. त्यांनी इचारलं, पोरीचा बाप काय करतो, तर काय सांगू? शिकतोय म्हनून?"

"खोटं हाय का त्यात?" हौशीराम म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी धुतलेली टोपी घालून लोणावळ्याला हजर झाला.

संग्रहालय सांभाळायचे दत्तोबा. एका जुन्या कंपनीत त्यांचे थोरले भाऊ सीताराम मारुती व्हायचे आणि दत्तोबा वानरसेनेत. सेनेतून त्यांना बढती कधी मिळाली नाही. दादा समुद्र ओलांडून जायचे आणि हे किनाऱ्यावर शेपूट धरून उभे. पण त्या दादांचा मारुतीचा मुखवटा काचेच्या कपाटात होता आणि दत्तोबांचा सगळा जीव त्या कपाटात होता. पांगाऱ्याच्या लाकडाचा मुखवटा. दादांनीच कोरलेला आणि दादांनीच रंगवलेला, तोही खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला करून. गालावरचा एकेक केस वेगळा काढलेला. दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

अडचण एवढीच, की दत्तोबांना आता ते केस दिसत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मुखवट्याच्या जागी त्यांना तपकिरी धूर दिसायचा. तळेगावच्या डोळ्यांच्या शिबिरात नाव घातलेलं होतं, पण सुरी या शब्दाची त्यांना इतकी धास्ती, की घरात कांदासुद्धा बुक्कीनं फोडायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी हौशीरामला मोरपिसांचा झाडू दिला. "धूळ झटकायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. समजलं?"

"समजलं, आबा."

आणि त्याला ते खरोखर समजलं होतं. मुकुटाला हात लावायचा नाही, तलवारीला लावायचा नाही, गदेला लावायचा नाही. पण मारुतीला? मारुती ही वस्तू आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

त्यात त्याच्या घराण्याकडे गावच्या मारुतीला शेंदूर चढवायचा मान. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी जुन्या थरावर नवा थर चढवायचा, तेलात कालवून, चोळून चोळून. त्यांच्या गावात रंग उडालेला देव म्हणजे दारात उघडं पोर उभं असल्यासारखं; बघणाऱ्यानं घरच्यांना बोल लावायचा. त्या वर्षी हौशीराम उमेदवारीत अडकला, मान चुलतभावाकडे गेला, आणि तेव्हापासून त्याला घास गोड लागेना. मान चुकवणारे आपण घराण्यातले पहिले, असं वाटून तो झुरत होता. समोर कपाटात एक मारुती. कोरडा ठणठणीत. गालाचे पोपडे सुटलेले. दत्तोबा त्या दिवशी पुतणीकडे तळेगावला गेलेले, आणि कपाटाची किल्ली हौशीरामच्या कमरेला.

पोह्यांच्या वाटीभर शेंदूर पुरला. मनापासून चढवला त्यानं. आधी गालावरचे केस नीट निरखून घेतले, देवाची माफी मागितली, मग चोळला. संध्याकाळी मारुती असा उजळला, की हौशीरामनं स्वतःच्याच हाताला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा जिना चढून आले आणि दारातच थबकले.

"हौशीराम! अरे, मला दिसतंय!"

"काय, आबा?"

"दादाचा मुखवटा! लालभडक! इथून दिसतोय, दारातून! दोन वर्षं नुसता धूर बघत होतो रे!" ते कपाटाला जाऊन भिडले, काचेवर नाक टेकलं. "रोज डोळ्यांत गुलाबपाणी घालतोय, त्याचा गुण. बघ, दादानं रंग दिला तो आजही जसाच्या तसा. का? कुणी हात लावला नाही म्हणून. संग्रहालय म्हणतात ते याला."

"देव कसा दिसतोय?" असं विचारायला हौशीरामनं तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. आपण काय केलं ते त्याला त्या क्षणी, दत्तोबांच्याच तोंडून कळलं.

दुपारपर्यंत बातमी बाजारात. दत्तोबांचे डोळे सुधारले. विश्वस्तांनी पेढे वाटले. दत्तोबांनी शिबिरातलं नाव काढून टाकायला निरोप धाडला आणि वर भेटेल त्याला गुलाबपाण्याचं प्रमाण सांगत सुटले. हौशीरामला पेढा दिला तेव्हा त्यानं तो खिशात ठेवला. घरी रतनबाईनं सदरा धुवायला घेतला तर खिशात पेढ्याचा लगदा.

"पेढा खाल्ला का न्हाई? वंगाळ हाय व्हय?"

हौशीरामनं सगळं सांगितलं. रतनबाई चुलीपुढे बसून ऐकत राहिली.

"मग आबाला सांगा की."

"सांगितलं तर तेंचा भाऊ दुसऱ्यांदा जातोय."

"आन न्हाई सांगितलं तर डोळं जात्यात," ती म्हणाली. "ह्ये मला अडाणी बाईला कळतंय, तुमी तर शिकताय."

तरी त्याला धीर होईना. रोज ठरवून यायचा आणि रोज दत्तोबा म्हणायचे, "तुझा पायगुण बरं का! तू आलास आणि नजर आली." शिबिर तोंडावर आलं. हौशीराम मोरपिसांचा झाडू असा फिरवायचा, जणू धुळीत शब्द सापडतील.

एके सकाळी विश्वस्तांचे कुणी नातलग नाटकगृह बघायला आले. दत्तोबांना उत्साह चढला. मंचावर जाऊन दादा उड्डाण कुठून घ्यायचे ते दाखवू लागले. "काठी कशाला? नजर आलीय आता!" पुढे आले, आणखी पुढे आले. खाली पेटीवाल्यांची खोल जागा. एक पाय मंचावर, दुसरा हवेत, तेवढ्यात हौशीरामनं मागून धोतराचा सोगा धरून त्यांना ओढलं. दोघेही फळ्यांवर आडवे.

"अरे गाढवा, धोतर सुटलं असतं ना!"

"आबा, तुमाला दिसत न्हाई!" हौशीराम ओरडला. "काय बी दिसत न्हाई! त्यो शेंदूर हाय! मी चढवला, आमच्या मारुतीला चढवतो तसा. लालभडक झाला म्हनून दिसला. गुलाबपानी न्हाई, काय न्हाई. केस सगळं बुजलं, आबा."

नातलग पाहुणे हळूच बाहेर गेले. दत्तोबा बसल्या जागी हातानं फळ्या चाचपत राहिले.

"सगळे?"

"सगळं."

"कानामागचे?"

"तितं जरा ज्यास्तच चोळला."

दत्तोबा शिव्या देतील म्हणून हौशीराम वाट बघत होता. त्यांनी दिल्या नाहीत, म्हणून त्याला रडू फुटलं. मग ते म्हणाले, "शिबिरात पुन्हा नाव घाल. माझी भीती बघायला तू यायचं. ती तुझी शिक्षा."

तो गेला. डोळ्यांना पट्ट्या बांधून दत्तोबा पडून राहिले, डोकं हलवायची बंदी, आणि हौशीराम चमच्यानं पेज भरवत बसला. एरवी बोलके दत्तोबा त्याच्याशी एवढंच बोलायचे: "गरम आहे." नाहीतर, "गार आहे."

जाड भिंगाचा चष्मा लावून परत आले ते थेट कपाटापाशी. या वेळी त्यांना शेंदूर शेंदरासारखा दिसला. कानामागे नखानं जरासा खरवडून पाहिला, तर शेंदराबरोबर खालचा रंगही सुटून आला. पांगाऱ्यानं तेल पिऊन घेतलं होतं. दत्तोबांनी कपाट लावलं. हौशीराम दाराशी टोपी हातात धरून उभा होता.

"जाऊ आबा?"

"कुठे? बघायला येणाऱ्यांना सांगणार कोण? मी नाही सांगणार. तू इथे उभं राहायचं आणि केलंस ते सांगायचं. प्रत्येकाला."

अशी हौशीरामची उमेदवारी संपली आणि नोकरी सुरू झाली. पहिल्यांदा तो भिंतीकडे तोंड करून सांगायचा. मग लोकांकडे. मग लोक हसायला लागले. दत्तोबांच्या नाक टेकण्याची नक्कल, धोतराचा सोगा, रतनबाईचा लगदा झालेला पेढा, सगळं आपापल्या जागी येऊन बसलं. मुंबईची मंडळी चिक्की घेतल्यावर मुद्दाम त्याला ऐकायला येऊ लागली. एकदा तर टाळ्या पडल्या. त्या दिवशी हौशीराम खाली दत्तोबांसमोर जाऊन उभा राहिला.

"आबा, मला दुसरं काम द्या. झाडलोट द्या."

"का?"

"ह्ये सांगताना मला मजा याया लागली. लय मजा. काल त्या बाईला हसू यावं म्हनून वाटीभर शेंदूर मी घमेलंभर सांगितला."

दत्तोबांनी चष्मा पुसला. "उद्या वाटीभरच सांग."

"आन लोकं न्हाई हसली तर?"

"तर मुखवट्याकडे बघतील."

दुसऱ्या दिवशी त्यानं वाटीभरच सांगितला. नक्कल केली नाही. कुणी हसलं नाही. नऊवारीतल्या एक बाई काचेपाशी वाकून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्याच्या खाली होतं तरी कसं?"

दत्तोबांनी तो चेहरा शेवटची दोन वर्षं धुरातून पाहिलेला. शेंदूर चोळण्याआधी तो शेवटचा नीट निरखणारा माणूस हौशीरामच होता. त्यानं टोपी काढली, काचेवर बोट टेकवलं आणि डाव्या गालापासून सुरुवात केली. हा केस असा वर गेलेला. हा जरा वाकडा. जिन्यावर दत्तोबा येऊन थांबले होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो एकेक केस सांगत राहिला.