मानाचा बाक

घाटनांदूरच्या स्टेशनजवळ रेल्वेचा एक जुना लाकडी डबा कित्येक वर्षं गोदाम म्हणून पडून होता. तो संग्रहालयात ठेवायचं ठरलं आणि त्याची डागडुजी करायला आम्ही सात-आठ रिकामटेकडे पुढे झालो. माझं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे वॉर्निश, खिळे, पॉलिश पेपर माझ्याकडून. बदल्यात सल्ला देण्याचा हक्क मी परस्पर घेतला होता. तो कुणी ऐकत नव्हतं, ते सोडा. काम एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये चालायचं. तिथल्या पत्र्यांना कापसाची भुकटी अजून चिकटलेली. ती ओल्या वॉर्निशवर येऊन बसायची आणि आमचं घासकाम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

आमच्यात सगळ्यात वडीलधारे मामा. नात्यानं माझे कुणी नव्हेत, अख्खा गावच त्यांना मामा म्हणतो. रेल्वेत तिकिटं तपासण्यात जन्म गेलेला, त्यामुळे नियम म्हटला की माणूस ताठ. बाकांना शेवटचा हात मारून झाला तेव्हा त्यांनीच जाहीर केलं, "उद्घाटन होईस्तवर हितं कुनी बूड टेकवायचं न्हाई. पहिला मान साहेबांचा." साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या शब्दामुळेच रेल्वेकडून डबा मिळाला होता आणि त्यांच्या हस्ते उद्घाटन करूनच तो संग्रहालयाकडे न्यायचा होता. ज्याचा मान त्याला द्यावा, ही आमच्याकडची रीत. आम्हीही माना डोलावल्या.

खरं तर त्या बाकावर बसायची सगळ्यात जास्त ओढ मामांनाच होती. लग्न होऊन मामी परळीहून सासरी आल्या त्या असल्याच डब्यातून. नवरी बायकांच्या भागात, नवरदेव पुरुषांच्या, मध्ये फळ्यांची भिंत. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एका बाकावर बसायची सोयच नव्हती. पुढे मामांना नोकरी लागली. मामी गाडीत असल्या तरी हे ड्युटीवर, कायम उभे. "एकदा तिच्या शेजारी बसायचंय, अप्पा," खिडकीची झडप घासता घासता ते मला म्हणाले, आणि लगेच, "पेपर संपला बघा, दुसरा द्या." पेपर चांगला अर्धा शिल्लक होता.

डबा तयार झाला तेव्हा मामी बघायला आल्या. घरापासून चालत आल्यानंच त्यांना धाप लागली होती. चकचकीत लाकडावरून हात फिरवत म्हणाल्या, "लई देखणा केला की हो तुमी."

"चढा वर मामी, स्टूल आणतो," मी म्हणालो.

मामा आडवे आले. "न्हाई. आधी साहेब."

"अहो मामा, इथं कोण बघायलंय?"

"कुनी बघत न्हाई म्हनून काय बिनतिकिटाचं बसायचं का?"

मामी हसल्या. "ऱ्हाऊ द्या अप्पा. तवा सासऱ्यांची लाज हुती, आता साहेबांची हाय. पुढल्या आठवड्यात बसू की."

पुढला आठवडा काही आला नाही. साहेबांची मुंबईत बैठक निघाली, मग आचारसंहिता लागली, मग कुणाचं तरी लग्न. दर वेळी आम्ही मांडव घालायचा आणि काढायचा. साहेबांपेक्षा देव बरा, निदान नवसाला तरी पावतो, असं मी वैतागून म्हणालो तर मामाच माझ्यावर रागावले. इकडे मामींची धाप वाढत गेली आणि त्यांनी अंथरूण धरलं. एका सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "मामा, ऑटो आणलाय. आपण दोघं उचलून डब्यात बसवू त्यांना. घटकाभर बसतील तुमच्याजवळ." मामांनी आतल्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाले, "ह्या सोमवारची तारीख पक्की हाय म्हनत्यात."

ती पक्की नव्हती. मामी गेल्या तेव्हा डबा जिनिंगमध्ये प्लास्टिकखाली झाकलेला होता.

मला अजून राग येतो आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही. साहेबांना आपली कुणी अशी वाट बघतंय हे माहीतही नव्हतं. मामांवर रागवावं, तर त्यांचा चेहरा बघवत नाही.

अखेर साहेब आले. फीत कापली, डब्याच्या पायरीवर एक पाय ठेवून फोटो काढून घेतला. आत चला म्हटलं तर हसून म्हणाले, "गुडघे साथ देत नाहीत आता." खालूनच सगळ्यांना नमस्कार केला आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. त्यांच्या मागोमाग गर्दीही पांगली. मानाचा बाक तसाच राहिला.

"आता तरी बसा मामा," मी म्हणालो. ते वर चढले, मीही मागून चढलो. बाकापाशी जाऊन ते नुसते उभे राहिले.

"साहेबांनी मान मागितलाबी न्हवता, अप्पा," ते म्हणाले. "जिला बसायचं हुतं, तिलाच म्या खाली उभी ठिवली."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघं न बसताच खाली उतरलो.