नावाची मूठ

आमच्या घरात प्रार्थना करायची ती ह्यांनी आणि आमेन म्हणायचं ते मी, ही वाटणी लग्नापासून ठरलेली होती. संध्याकाळी दिवे लागले की हे पवित्र शास्त्र उघडायचे, एक अध्याय वाचायचे आणि मग डोळे मिटून जे सुरू व्हायचे, ते आकाश-पृथ्वीच्या निर्माणकर्त्यापासून थेट आमच्या गल्लीतल्या नळाच्या पाण्यापर्यंत येऊन पोचायचे. हेडमास्तर माणूस, देवासमोरही एखादा मुद्दा सुटू द्यायचे नाहीत. वरण गार व्हायचं, माझी चुळबुळ सुरू व्हायची. पण खरं सांगते, त्या आवाजाच्या आडोशाला मी फार निवांत होते. आपल्याला काही बोलावं लागत नाही, याचं मला कधी काही वाटलं नाही.

मग ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शर्थ केली आणि जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. अकोल्याला जठारपेठेतल्या घरी आणलं तेव्हा चर्चचे पाळकसाहेब आले, मंडळीतली माणसं आली, सगळ्यांनी भरभरून प्रार्थना केल्या. ती माणसं चपला घालून निघाली की घर पुन्हा मुकं व्हायचं. संध्याकाळी मी ह्यांच्या पलंगाशी बसून ह्यांच्यासारखीच प्रार्थना करायला जायचे. ‘हे दयाघन स्वर्गीय पित्या’ एवढं म्हणून झालं की माझी गाडी तिथेच अडायची. पुढे शब्द नाहीत, नुसता राग. हे माझ्याकडे डोळे लावून वाट बघत असायचे. एकदा तर ‘दूध उतू जातंय’ म्हणून मी मधेच उठले. गॅसवर दूध नव्हतंच. ते ह्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर मी बसायचंच सोडलं. दिवे लागले की मुद्दाम धुण्याच्या घड्या घालत बसायचे. ह्यांच्या आवाजाबरोबर देवही या घरातून उठून गेला, असं मला वाटू लागलं होतं, आणि याची भीती आजाराच्या भीतीपेक्षा मोठी होती. आता उरलेलं आयुष्य दोघांनी असंच, एकमेकांकडे बघत, न बोलता काढायचं की काय!

आमच्याकडे भाजी घेऊन येणारी गोदाबाई ही जुनी बाई. गावाबाहेर तिचा मळा आहे. पहाटे भाजी तोडायची, डोक्यावर पाटी घ्यायची आणि आमच्या गल्लीपासून विकायला सुरुवात करायची, असा तिचा शिरस्ता. त्या सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली बघते तर गोदाबाईनं पाटी उतरवली, मेथीची एक ताजी जुडी सोडली, त्यातली मूठभर कोपऱ्यावरच्या गाईला घातली आणि हात जोडले. अजून तिची बोहनीही झाली नव्हती. बोहनीआधी हिच्याकडून कुणी फुकट काडी घेऊन दाखवावी! मी खाली उतरले आणि चेष्टेनं म्हटलं, “गोदाबाई, आज पहिलं गिऱ्हाईक गाय का?”

“रोजचीच हाय ते,” ती म्हणाली. “आपल्या हेडमास्तर सरायच्या नावाची मूठ काढतो मी. ते दवाखान्यात गेले तवापासून. माह्या पोरीले त्यायनंच शिकवलं न वो बाई.”

ती मेथी निवडून देत राहिली आणि सहज म्हणाली, “मी माह्या देवाले सांगून राहिलो. तुमी तुमच्या देवाले सांगताच असान.”

मी मान हलवली. होकाराची होती की नकाराची, ते तिला कळलं नसावं. मेथी घेऊन मी आत आले आणि स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून पोटभर रडले. कारण नावाची मूठ हे शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकले होते आणि ते ऐकताच मला माझी आई दिसली होती.

अमरावतीला मिशनच्या कंपाउंडातल्या दोन खोल्यांत आम्ही भावंडं वाढलो. आई रोज सकाळी तांदूळ धुण्याआधी त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. आमच्यातल्या सगळ्याच बाया ही प्रभूची मूठ काढायच्या आणि रविवारी पिशवीत भरून देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न्यायच्या, मग ते तांदूळ ज्याच्या घरी नड असेल तिकडे जायचे. पण आईची एक खासियत होती. मूठ डब्यावर धरून ती एका माणसाचं नाव घ्यायची, मूठ सोडायची, झालं. परीक्षा आली की आम्ही तिच्या पदराला लोंबकळायचो, आज माझी मूठ काढ म्हणून भांडायचो. दोन नावं घे ना, म्हटलं तर म्हणायची, “एका मुठीत एकच माणूस. आन देवाले फोड करून काहून सांगाव? त्याले समजते.” चुलीचा धूर, धुतल्या तांदळाचं पांढरं पाणी, तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आणि आपलं नाव ऐकून छातीत होणारी ती ऊब! अजून आठवलं की मी लहान होते. मोठी झाले, शिकले, मोठ्या प्रार्थना ऐकत राहिले आणि ही एवढीशी प्रार्थना कुठे सांडून आले, कुणास ठाऊक.

त्याच सकाळी मी तांदळाचा डबा ह्यांच्या पलंगाशी नेला. शेजारी एक रिकामा डबा ठेवला. मूठ भरली आणि ह्यांचं नाव घेतलं. लग्नानंतर ह्यांचं नाव मी पहिल्यांदाच एवढं मोठ्यानं उच्चारलं असेल! पुढे काही मागितलं नाही. मागायचं काय, ते मला सुचतच नव्हतं. मूठ उघडली, तांदूळ पडले आणि कित्येक दिवसांनी माझा श्वास मोकळा झाला.

हे एकटक बघत होते. मग त्यांनी डावा हात उचलला. मला वाटलं, मूठ घ्यायचीय, म्हणून मी डबा जवळ सरकवला. पण देवाला द्यायचं ते उजव्या हातानं, हा ह्यांचा आयुष्यभराचा नेम. मंडळीतल्या मुलांनी दानाच्या थैलीत डाव्या हातानं नाणं टाकलं तरी हे डोळे वटारायचे. त्यांनी डाव्या हातानं आपला निर्जीव उजवा हात उचलला, तांदळात ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. घाम आला त्यांना. मी मदतीला हात पुढे केला, तर मान हलवून नको म्हणाले. ती सैल मूठ दुसऱ्या डब्यावर नेईपर्यंत निम्मे तांदूळ पलंगावर सांडले. उरलेले डब्यात पडले. मग त्यांनी डोळे मिटले.

बोलणं अजून परत आलेलं नाही. येईल की नाही, हे मी आता देवावर सोडलं आहे. गोदाबाईचे उपकार कसे फेडायचे मला कळत नाही. तसं तिला सांगितलं तर ती हसली आणि “सांबार देऊ का?” म्हणत कोथिंबिरीची काडी पुढे केली. रोज सकाळी आमच्या घरात दोन मुठी निघतात. माझ्या मुठीतलं नाव त्यांना ऐकू येतं. त्यांच्या मुठीत कोण असतं, ते त्यांना सांगता येत नाही आणि मीही विचारत नाही. मी फक्त चादरीवर सांडलेले तांदूळ वेचते आणि तेही त्याच डब्यात टाकते.