डाव्या खांद्याचं पॅड

मास्तरांनी शिवलेला कपडा अंगावर बसला नाही, असं तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाची मान खांद्यात रुतलेली. मास्तर टेप लावायचे, मनाशी 'हं' म्हणायचे आणि कात्रीची अशी करामत करायचे, की गिऱ्हाईक आरशात स्वतःवरच खूश.

त्याच सवयीनं ते स्वतःच्या मुलीचेही कपडे शिवायचे. मुलगी बारा वर्षांची. दिवसभर तुरुतुरु चालायची, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. दहाव्या वर्षी तिचा डावा खांदा किंचित खाली वाटला, तेव्हा मास्तरांनी तिथे पातळ पॅड घातलं. पुढच्या वर्षी जरा जाड. फ्रॉकची खालची कड उजवीकडे वर चढायला लागली, तेव्हा त्या बाजूला कापड जास्त सोडलं. आरशात मुलगी सरळ दिसली, विषय मिटला.

मुंगीच्या आईचा मात्र रोजचा धोशा असायचा.

"सरळ बस गं!"

"बसलेच आहे की!"

"हे सरळ? मग वाकडं कसं असतं, तेही दाखव एकदा."

"दप्तर जड असतं तिचं, सोड ना," मास्तर म्हणायचे.

एके दिवशी मुंगी शाळेतून मिळालेला तयार टी-शर्ट घालून दुकानात आली. "बाबा, हा एका बाजूला ओढतोय बघा."

"शंभर पोरांना एकच माप लावल्यावर आणखी काय होणार? ठेव इथे, नीट करतो."

तेवढ्यात तिचा धक्का लागून टाचण्यांची डबी सांडली. मुंगी गुडघे न वाकवता खाली वाकून त्या वेचू लागली. टी-शर्ट पाठीवर ताणला गेला आणि मास्तरांचा हात मशीनवरच थांबला.

"तशीच राहा."

"का? टोचली की काय?"

"राहा म्हणतो ना."

त्यांनी तिच्या पाठीवर तळवा ठेवला. डावी बाजू सपाट होती. उजवीकडच्या बरगड्या वर उचललेल्या होत्या.

मुंगी घरी गेल्यावर त्यांनी मापांची वही काढली. दोन खांद्यांमधला फरक पहिल्या वर्षी पाव इंच, मग अर्धा, आता पाऊण. अक्षर त्यांचंच.

एक्स-रेत पाठीचा कणा एकतीस अंशांनी वळलेला निघाला.

"पोक काढून बसणारं मूल सांगितलं की सरळ होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिचा कणा बाजूला वळलाय, थोडा पिळलाही आहे. तो सांगून सरळ होत नाही. दप्तरानंही असं होत नाही. कधीपासून आहे?"

मास्तरांनी वही पुढे केली. बाईंनी पानं उलटली.

"तुम्ही मोजलंत हे?"

"हो."

"आणि मग?"

"मग... पॅड घातलं."

मुंगीच्या आईनं नवऱ्याकडे पाहिलं.

"अजून हिची उंची वाढायची आहे, आणि उंचीबरोबर वाकही वाढू शकतो," बाई म्हणाल्या. "म्हणून कडक पट्टा. रोज अठरा तास. आहे तो वाक जाईल असं नाही, वाढू नये एवढ्यासाठी. फार वाढला तर ऑपरेशन."

"दोन वर्षं आधी आलो असतो तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर वाक कमी असतानाच त्यावर लक्ष ठेवता आलं असतं."

पट्टा काखेपासून कमरेपर्यंत. पहिल्याच आठवड्यात कातडी लाल झाली. मुंगी म्हणाली, "बाबा, याच्यावर असा फ्रॉक शिवा, की कुणाला काहीच कळणार नाही. तुम्हाला येतं की ते."

येत होतंच. हात टेपकडे गेलाही.

"पट्टा झाकेन," ते म्हणाले. "पण पॅड घालणार नाही. खांदा खाली गेला, तर मला दिसायला हवा."

"म्हणजे मी वाकडी दिसले तरी चालेल!"

दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. मास्तरांनी त्या दोन दिवसांत पट्ट्याखाली घालायची मऊ बनियनं शिवली. शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे अंगाला काचायची नाही. तिनं ती न बोलता घातली.

सहा महिन्यांनी एक्स-रेत तेहेतीस अंश आले. मास्तरांचा चेहरा उतरला.

"एवढा फरक मोजण्यातही पडतो," बाई म्हणाल्या. "सध्या थांबलंय असं समजू. पण वाढीची दीड-दोन वर्षं बाकी आहेत."

बाहेर पायऱ्यांवर मुंगीनं विचारलं, "बाबा, आणि पुढच्या वेळी वाढलेलं निघालं तर?"

मास्तरांनी एक्स-रेचं पाकीट दुसऱ्या हातात घेतलं.

"निघालं तर तुला त्याच दिवशी सांगेन," ते म्हणाले.

मुंगीनं मान हलवली आणि त्यांचा हात धरून सावकाश पायऱ्या उतरू लागली. पट्ट्यामुळे तिला पुढे वाकून पायरी बघता येत नव्हती.