मॅग्नेशियमची पुडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसानं तोंड फिरवलं होतं. अहमदपूर रस्त्यावरच्या एका शेडमध्ये आम्ही अॅल्युमिनियमच्या भुकटीपासून पंपाचे सुटे भाग बनवायचो. भुकटी साच्यात दाबायची, भट्टीत बेतानं तापवायची, म्हणजे कण एकमेकांना धरतात. पण अॅल्युमिनियम मोठं हट्टी. प्रत्येक कणावर ऑक्साइडची पातळ साल असते. कितीही तापवा, ती कणाला कणाशी भिडू देत नाही. चिमूटभर मॅग्नेशियम ती साल फोडतं, मग वितळलेलं तांबं-कथील फटींत शिरतं आणि माल घट्ट होतो.

तांबं-कथील गौतम मिसळायचा. बौद्ध वस्तीतला, माझ्याच वयाचा, कामाला वाघ. मॅग्नेशियम मात्र पेट घेतं म्हणून कुलुपात, आणि मी बी.एस्सी. म्हणून किल्ली माझ्याकडे. पुडी मीच बांधायची, मीच भुकटी मिसळायच्या फिरत्या पिंपात टाकायची.

त्या सकाळी टँकर आला. पुडी खिशात कोंबून मी घागरी घेऊन पळालो. परतलो तेव्हा पिंप फिरत होतं. पुडी आधीच टाकली असं मी धरून चाललो — की सोयीनं धरून घेतलं?

संध्याकाळी भट्टीतून निघालेला पहिलाच भाग मालकाच्या बोटांत शेवेसारखा चुरला. "मिसळलं कुणी?" मालकानं विचारलं. मी खिसा चाचपला. पुडी तिथेच होती.

गौतम माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, तुमी पाण्याला गेलते, तवा ती पुडी—"

साच्याचा लोखंडी दांडा हाताशी होता. मी तो त्याच्या तोंडावर हाणला. त्यानं हात आडवा घातला, हाड मोडल्याचं ऐकू आलं. मी थांबलो का? नाही. तो पडल्यावर बरगड्यांत लाथा घातल्या, जातीवरून शिव्या दिल्या. माझं बघून आणखी दोघे कामगार त्याला मारायला धावले. आणि खरं सांगू — मारताना मला बरं वाटत होतं.

सगळे म्हणाले, माल वाया गेला म्हणून साहेबांचं डोकं फिरलं. डोकं कुठलं फिरतंय? त्याचं वाक्य पुरं झालं असतं तर माझी नोकरी गेली असती. म्हणून तोंडावर मारलं. मारण्याआधी मला सगळं माहीत होतं.

त्याचं काम गेलं. उजवा हात वाकडाच बसला.

काही वर्षांनी चाकूरच्या स्टँडवर तो बायकोसोबत बाकावर बसलेला दिसला. मी घाम पुसायला हात वर केला — तर तो वाकडा हात आपोआप त्याच्या तोंडापुढे आला. मग त्यानं मला ओळखलं, हात खाली घेतला आणि सरकून म्हणाला, "बसा की साहेब, जागा हाय."

मी बसलो नाही. समोर लागलेल्या एसटीत चढलो. ती कुठं जाते, हेही पाहिलं नाही.