दोन तोंडांची सीट

ब्रेकबाई,

तू फोनवर म्हणालीस, "मावशी, माझ्यावर काय लिहायचंय? मी काय कुणी मोठी लागून गेलेय?" मोठ्यांवर लिहायला पुष्कळ लोक बसलेत, आणि ते वाचताना मला जांभया येतात. मला तुझी सीटची गोष्ट लिहायचीय. पण तुला 'तू' म्हणत सांगायला लागले तर तू दर वाक्याला ब्रेक मारशील, "असं नव्हतं मावशी, तसं होतं." म्हणून इथून पुढे तू 'ती' आणि मी, तुझ्या खालच्या मजल्यावरची, 'खालची मावशी'. शेवटी पुन्हा तुझ्याकडे येते. तोवर मध्ये बोलायचं नाही.

तर ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकणारा स्टिअरिंगशी, ती त्याच्या शेजारी, आणि तिच्या पायाशी दुसरा ब्रेक. शिकणाऱ्यानं समोरच्या टेम्पोला मिठी मारायचं ठरवलं की हिचा पाय खाली जातो. ब्रेकबाई हे नाव शिकणाऱ्या पोरांनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की तिची मुलगीसुद्धा रुसली की "ब्रेकबाई, मी जेवणार नाही" म्हणते. सवय अशी की बसमध्ये बसली तरी तिचा पाय फरशी दाबत असतो. दुसरा कुणी गाडी चालवत असताना तिचा डोळा लागलेला कुणी पाहिला नाही. लग्नात नवऱ्याच्या घरी जातानासुद्धा ती टक्क जागी होती आणि ड्रायव्हरला "इंडिकेटर" म्हणाली होती, असं तिचा नवराच सांगतो.

नवरा क्रेन चालवतो. लांब डोंगरात पूल बांधायचं काम निघालं तेव्हा तो गेला. धाकट्याच्या वेळी तिचे दिवस भरत आले होते, तेव्हा रजा मिळाली नाही. मग रजा मिळाली तेव्हा पुलाचं काहीतरी अडलं. धाकटा रांगायला लागला तरी बापानं त्याला फोनच्या काचेतच पाहिलेला. शेवटी तिकडे राहायला दोन खोल्या मिळाल्या आणि त्यानं सांगितलं, "या आता. विमानतळावर मी जीप घेऊन येतो. पुढे डोंगरातून तीन-चार तासांचा रस्ता आहे."

आता या दोन मुलांची ओळख करून देते. थोरली तीन वर्षांची. तिला वकीलबाई म्हणतात, कारण ती कुठलीच गोष्ट पुराव्याशिवाय मानत नाही. धाकटा वर्ष भरायला आलेला, गुबगुबीत, मिळेल तिथे पडून राहणारा. त्याचं नाव बोका. बोक्याचा काही त्रास नाही. त्रास वकीलबाईंच्या बोटांचा. तिला कुठलाही पट्टा उघडता येतो. उन्हाळ्यात दवाखान्यातून येताना टॅक्सीत तिनं गुपचूप बेल्ट सोडला, त्याच क्षणी ड्रायव्हरनं कुत्र्यासाठी ब्रेक दाबला, आणि पोरगी पुढच्या सीटवर आपटली. कपाळावर टेंगूळ आलं. टेंगूळ दोन दिवसांत उतरलं, पण आईच्या मनातनं ते काही जाईना. जगभरच्या पोरांसाठी जिच्या पायाशी ब्रेक, तिच्या स्वतःच्या पोरीच्या वेळी पायाखाली नुसती चटई.

तेव्हा प्रवासाचं ठरलं आणि तिनं नवऱ्याला फोनवर सांगून टाकलं, "मुलांची सीट घेतल्याशिवाय मी निघत नाही."

"अगं, मला माझी आई ट्रकमध्ये गोणींवर झोपवून न्यायची," तो म्हणाला.

"म्हणूनच असा झालास."

"बरं. थोरलीसाठी इथल्या फोरमनची मुलांची सीट मिळतेय. जीपमध्ये बसवून ठेवतो. मग अजून एक कशाला?"

"विमानात थोरलीला बांधायला. आणि उतरल्यावर जीपमध्ये बोक्याला बांधायला."

"एकच सीट दोघांना?"

"असते तशी. पोर लहान असेल तर सीटचं तोंड मागे करायचं, मोठं असेल तर पुढे. पट्टे वरखाली करायचे. दोन तोंडांची असते ती."

"म्हणजे माझ्या थोरल्या भावासारखी," तो म्हणाला, आणि फोन तिनं ठेवला.

विमानात बोक्याला मांडीवर आणि थोरलीला सीटमध्ये, उलट का नाही, असं खालच्या मावशीनं विचारलं होतं. ती म्हणाली, "बोक्याला मी धरू शकते. तिला धरणारा अजून जन्माला यायचाय."

दुकानात तिनं सीट बघितली ती जुनी गाडी विकत घेताना बघतात तशी. हलवली, उलटी केली, पट्टे ओढले, गुडघा टेकवून सगळं वजन टाकलं. दुकानदार म्हणाला, "ताई, ही म्हणजे किल्ला आहे किल्ला." किल्लाच तो. दोन्ही बाजूंना पेला ठेवायची खोबण, डोक्याशी जाड गाद्या. दुकानाबाहेर उभ्या दुकानदाराच्या गाडीत तिनं ती बसवून पाहिली. हलली नाही. घरी आणून जिन्यात टेकवली आणि घाम पुसत उभी राहिली.

खालच्या मावशीनं दार उघडलं. "हे सिंहासन कुणाचं?"

"वकीलबाईंचं. बघा ना मावशी, हत्तीनं ओढलं तरी हलायचं नाही."

"विमानात मावतं का?"

"गाडीत बसवून पाहिलं की. मस्त बसतं."

"मी काय विचारतेय आणि तू काय सांगतेयस? विमानात."

ब्रेकबाई कधी विमानात बसलेली नव्हती. तिच्या डोक्यात सीट म्हणजे गाडीची मागची सीट, तीन माणसं ऐसपैस बसतील अशी. मावशी मुलाकडे जाताना विमानातून गेलेली होती. तिचं कोपर वाटभर शेजाऱ्याच्या बरगडीत होतं आणि शेजाऱ्याचं तिच्या. मावशीनं टेप काढली. ब्रेकबाईनं सीटचा तळ मोजला आणि चेहरा उजळला. मावशी म्हणाली, "तळ काय मोजतेस? खांदे मोज. माणूस दारात अडकतो तो खांद्यांना अडकतो." त्या पेल्यांच्या खोबणींपाशी टेप नेली, आणि झालं. विमान कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एका मुलीनं विमानातल्या खुर्चीच्या दोन हातांमधलं अंतर सांगितलं. चार बोटं कमी पडत होती. वर ती मुलगी म्हणाली की सीटवर 'विमानात चालते' असा शिक्का असला पाहिजे आणि सीट खिडकीशीच लावायची. शिक्का शोधला. किल्ल्यावर सगळं होतं, तेवढं सोडून.

ब्रेकबाई जिन्यातच बसली. "मी दिवसभर लोकांना सांगते, गाडी घालायच्या आधी जागा बघा. आणि मीच..."

"रडायचं असेल तर आत्ताच रडून घे," मावशी म्हणाली. "संध्याकाळी परत दुकानात जायचंय. टेप ने."

दुसरी सीट आणली ती दिसायला अगदीच बापुडी. राखाडी रंग, सरकारी दवाखान्यातल्या बाकाची सख्खी बहीण. खोबण नाही, गादी बेताची. पण अरुंद, हलकी, पाठीला अडकवून नेता येणारी, आणि बुडाशी लाल अक्षरांत तो शिक्का. दुकानदारानं विचारलं, "ताई, ती किल्ल्यासारखी आवडली नाही का?" ती म्हणाली, "किल्ला उडत नाही." पहिली सीट दोन मुलांसकट टॅक्सीत कोंबून परत न्यायची म्हणजे एक मोहीमच, म्हणून ती मावशीच्या दारामागे ठेवली. नंतर सावकाश जाऊन परत देऊ.

मग सुरू झाली तालीम. मावशीच्या जेवणाच्या टेबलाच्या, हात असलेल्या तीन खुर्च्या ओळीत लावल्या. प्रवासी पिशवीचा पट्टा काढला, तो विमानाचा बेल्ट झाला. मावशी विमानातली बाई झाली.

"मॅडम, मूल खिडकीशी बसवा."

"खिडकी कुठेय?" वकीलबाईंनी विचारलं.

"तो फ्रिज म्हणजे खिडकी."

"फ्रिजमधून आकाश दिसत नाही."

"विमान ढगात आहे. बस गुपचूप."

बोक्याला पोटाशी बांधायचं, सीट पाठीला, आणि थोरलीचा हात धरून दोन पलंगांमधल्या बोळकांडीतून यायचं. सीट ठेवायची, पट्टा थोरलीच्या पाठीमागच्या वाटेनं ओवायचा, गुडघा टेकून आवळायचा. मग सगळं सोडून सीटचं तोंड फिरवायचं, खांद्याचे पट्टे खालच्या भोकांत घालायचे, दुसऱ्या वाटेनं बेल्ट ओवायचा, आणि बोक्याला बसवायचं. पहिल्या दिवशी तिची बोटं अडकली, दुसऱ्या दिवशी चिडचिड झाली, आणि मग एके दिवशी ती बोलता बोलता हे सगळं करायला लागली. शिकणाऱ्यांच्या बाबतीतही ती हेच म्हणते, हात बोलायला लागले की तोंड मोकळं होतं. वकीलबाईंनी मात्र सीटचं मधलं लाल बटण दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिलं, दातांनी पाहिलं, टाचेनं पाहिलं. ते मोठ्या माणसाच्या जोरानंच दबत होतं. "हे बिघडलेलं आहे," वकीलबाईंनी निकाल दिला. तिच्या आईला त्या दिवशी पोटभर जेवण गेलं.

पुढचं सगळं तिनं मावशीला फोनवर सांगितलं, ते असं.

विमानात सीट बसली. इतकी बरोबर बसली की शेजारचे एक आजोबा म्हणाले, "वा, मापानं शिवून आणल्यासारखी." वकीलबाईंनी वाटभर ते लाल बटण दाबलं आणि वाटभर ते बिघडलेलंच राहिलं. बोका मांडीवर झोपला. विमान खाली उतरताना आईचा पाय फरशीत रुतला होता, पण पोरगी जागची हलली नाही.

घोडं अडलं ते थांबल्यावर. थोरलीला सीटमधून सोडवलं, आता सीट सोडवायची. तालमीत पिशवीचा पट्टा होता, त्याची कडी चिमटीत दाबली की सुटायची. विमानाच्या बेल्टला लोखंडी झडप, ती वर उचलावी लागते. आणि ती झडप नेमकी सीटच्या पाठीमागे, आतल्या वाटेत, आवळून बसलेली. हिनं इतकं दणकट आवळलं होतं की तिचा हात आत शिरेना. माणसं उतरत होती. आजोबा "मी ओढू का?" म्हणून ओढून गेले. विमानातल्या मुलीनं प्रयत्न केला, तिचं नख तुटलं. विमान रिकामं झालं, झाडणारे आत आले, बोका जागा होऊन रडायला लागला. बाहेर नवरा उभा, पुढे डोंगराचा रस्ता, आणि बोक्याची सीट विमानालाच बांधलेली. "मावशी, मला वाटलं आता सीट इथेच सोडायची आणि बोक्याला मांडीवर घेऊन जायचं. ज्याच्यासाठी एवढं केलं तेच."

तेवढ्यात वकीलबाई म्हणाल्या, "मी उघडू?"

"तू गप्प उभी राहा."

"मला उघडता येतं. टॅक्सीतलं उघडलं होतं ना."

आईनं त्या बोटांकडे पाहिलं. बारीक, मळकी, बिस्किटाची भुकटी लागलेली. शिकणाऱ्याचं स्टिअरिंग अडकलं की ती त्याला सांगते, ओढू नकोस, आधी सैल सोड. तिनं बोक्याला विमानातल्या मुलीकडे दिलं, गुडघा सीटमध्ये रोवला आणि अंगाचा सगळा भार खाली टाकला. पट्टा केसभर सैल झाला. वकीलबाईंनी मनगटापर्यंत हात आत घातला, जीभ बाहेर काढली, आणि आतून खट्ट झालं.

विमानातल्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. झाडणाऱ्या बायकांनीही वाजवल्या. आई तिथेच मधल्या वाटेत मटकन बसली आणि हसत सुटली. वकीलबाई म्हणाल्या, "हे बिघडलेलं नव्हतं."

बाहेर नवऱ्यानं बोक्याला घेतलं. बोक्यानं त्याची मिशी ओढून खात्री करून घेतली. जीपमध्ये तिनं सीटचं तोंड मागे केलं, पट्टे खालच्या भोकांत घातले, बोक्याला बसवलं. नवऱ्यानं विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"मावशीच्या फ्रिजपाशी."

दोघं दोन बाजूंना आपापल्या सीटमध्ये बांधलेली, ती मध्ये दाटीवाटीनं. जीप वळणं घेत वर चढत होती. इथून पुढचं नवऱ्यानं फोन घेऊन सांगितलं. नवऱ्यानं आरशात पाहिलं आणि त्याला भीतीच वाटली, म्हणून त्यानं गाडी कडेला घेतली. ब्रेकबाई झोपली होती. तोंड उघडं, डोकं वकीलबाईंच्या सीटला टेकलेलं, आणि दोन्ही पाय पोटाशी घेतलेले. खाली फरशीवर एकही पाय नव्हता.

तर ब्रेकबाई, ही तुझी गोष्ट. चुकलं असेल तर कळव, मी बदलणार नाही.

एक राहिलंच. ते सिंहासन अजून माझ्या दारामागे आहे. आपलं ठरलं होतं की मी गाडी चालवायची, तू शेजारी ब्रेकवर बसायचं, आणि दुकानाच्या त्या अरुंद आवारात मी रिव्हर्स घेऊन ते परत द्यायचं. म्हणजे तुझ्याकडे गाडी शिकतेय त्यातला माझा राहिलेला रिव्हर्सचा धडाही पुरा होईल. तू म्हणालीस उद्या, मी म्हणाले गुडघा दुखतोय, मग तुझं सामान बांधायला निघालं, मग विमान. त्या दुकानदारानं आता दुकानही दुसरीकडे हलवलंय म्हणे. मी अजूनही पुढेच तेवढी जाते.