पाण्यात उभी राहणारी लवंग
दाताच्या डॉक्टरांनी काल दाढेवर लवंगेचं तेल लावलं आणि मला नारायण पेठेतली आमची विड्यांची खोली आठवली. तंबाखूत भाजलेली लवंग मिसळायचं काम तिथे एक म्हातारे चाचा करत. नवं पोतं आलं की ते चार लवंगा तांब्यातल्या पाण्यात टाकून बघत. चांगली लवंग पाण्यात उभी राहते, तेल काढून घेतलेली आडवी तरंगते. धंदा वाढवायच्या घाईत मी मार्केट यार्डातून तसलीच स्वस्त लवंग उचलली. "मालक, ही आडवी पडली हो," चाचा म्हणाले, "आणि पुड्यावर नाव माझं आहे." मी म्हणालो, "लोक विडी पाण्यात बुडवून ओढतात का, चाचा?" विड्या वळणाऱ्या बायका हसल्या. चाचांनी पाणी ओतून दिलं, तांब्या पालथा घातला आणि ते गेले ते परत आले नाहीत. पुड्यावरचं 'चाचांच्या हातची लवंगी' मात्र मी काढलं नाही. त्याच नावावर एका खोलीचे तीन कारखाने झाले. चाचा वारल्याचं कळलं त्या दिवशीही त्या पुड्यांची छपाई चालूच होती. काल घरी येऊन मी मसाल्याच्या डब्यातली एक लवंग पाण्यात टाकली. ती सरळ उभी राहिली आणि मला तिथे थांबवेना.